वस्त्र-रेंडरिंग

वस्त्र-रेंडरिंग : कापडावर पडणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडून संगणकावर त्याचे हुबेहूब चित्र उमटवण्याचे तंत्र. कापड कसे झुलते, चुण्या कशा पडतात, हा शेजारचा पण वेगळा विषय. त्याला वस्त्र-सिम्युलेशन म्हणतात आणि डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विटकिन यांचा १९९८चा शोधनिबंध त्यात पायाभूत मानला जातो. प्रस्तुत नोंद कापडाच्या रूपापुरती आहे.

सगळी अडचण एका गोष्टीतून येते : कापडाला खऱ्या अर्थाने पृष्ठभागच नसतो. सुताचा एक तंतू साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाड. असे असंख्य तंतू पिळून धागा होतो आणि ताण्याबाण्याचे धागे एकमेकांत गुंतून कापड. तंतूवर पडलेला काही प्रकाश वरूनच परततो, त्याला रंगाचा स्पर्श होत नाही. उरलेला आत शिरतो, रंग घेऊन बाहेर येतो आणि शेजारच्या तंतूंवर आपटतो. म्हणून रेशमाची चकाकी पांढरट असते आणि अंग रंगीत. प्लास्टिकसाठी रचलेली समीकरणे कापडाला लावली, की सदरा रबराचा दिसू लागतो. जुन्या संगणकीय चित्रांतली पात्रे तशी दिसत, त्याचे हे एक कारण.

पहिला व्यवहार्य तोडगा सूक्ष्मफलकांचा. पृष्ठभाग असंख्य बारीक आरशांचा आहे असे धरून ते कोणत्या दिशांना कललेले आहेत, एवढेच सांगायचे. मायकेल अशिखमिन, सायमन प्रेमोझ आणि पीटर शर्ली यांनी २००० साली दिशांची ही वाटणी मखमल व साटीन यांच्यासाठी बदलून दाखवली. मखमलीचे केस उभे असल्याने ती समोरून काळोखी आणि कडेला उजळ दिसते. नेहमीच्या पृष्ठभागांसाठीची वाटणी येथे जवळजवळ उलटी करावी लागते.

विणीकडे गंभीरपणे पाहिले ते पिती इरावान आणि स्टीव्ह मार्शनर यांनी. त्यांच्या प्रतिमानात (२०१२) धाग्याचा पीळ आणि वीण यांवरून चकाकी नेमकी कुठे पडेल ते ठरते. पुढच्याच वर्षी इमान सादेघी, हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी सुट्या धाग्यांवरून परतणारा प्रकाश मोजून ताणा आणि बाणा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला. पैठणीची धूपछाव याच हिशेबात बसते : उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, पदर वळला की एकाचा रंग मावळतो आणि दुसऱ्याचा वर येतो. दोन रंग आधीच मिसळून एक सरासरी रंग भरला, तर ही जादू कोणत्याही दिव्याखाली परत येत नाही. जरीचे गणित आणखी निराळे, कारण धातू प्रकाश आत घेऊन पलीकडे सोडत नाही.

अचूकतेचे टोक गाठले कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने. २०११ साली शुआंग झाओ, वेन्झेल याकोब, मार्शनर आणि कविता बाला यांनी कापडाच्या तुकड्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढले, त्यातून तंतूंची दिशा शोधली आणि कापड पृष्ठभाग न धरता घनाकृती म्हणून रेखाटले. परिणाम विलक्षण, पण असे चित्र संगणकीय खेळाच्या गतीने काढणे अशक्यच.

वेग साधायचा तर अंतर पाहून काटकसर करावी लागते. कुइ वू आणि जेम युक्सेल यांनी २०१७ साली तंतू साठवून न ठेवता ग्राफिक्स प्रोसेसरवर त्या क्षणीच घडवले. धाग्याच्या गाभ्यातले तंतू एका जाड दोरीसारखे काढायचे, बाहेरचे आणि सुटलेली लव मात्र सुटी. दूरच्या कापडासाठी तेही नको. पण तिथे नुसती सरासरी घातक ठरते : पिक्सेलहून बारीक वीण हलत्या चित्रात झिलमिलते आणि नसलेल्या लाटा उमटतात. कापडावर चढवलेले विणीचे नकाशे धूसर केले तर वीण जाते आणि तिच्याबरोबर चकाकीचा पसाराही. म्हणून धूसर करताना गेलेला खडबडीतपणा चकाकीच्या गणितात परत मिळवावा लागतो.

रोजच्या कामात मात्र 'शीन' नावाचा साधा थर चालतो. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ साली मांडलेल्या सर्वसाधारण प्रतिमानात मखमलीत दिसते तशी कडेची उजळी दोन आकड्यांवर सोपवली होती. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समधून २०१७ साली आलेली 'चार्ली' ही वाटणी पुढे वेबवरच्या त्रिमितीय वस्तूंच्या जीएलटीएफ मानकाच्या शीन-विस्तारातही घेतली गेली. त्यात रंग आणि खडबडीतपणा एवढेच सांगता येते. लोकर, मखमल, सोफ्याचे कापड यांना ते पुरते. ताणा-बाणा वेगळे सांगण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे केवळ त्यावर विसंबलेल्या दुकानी चित्रात धूपछावी साडी एकरंगीच दिसते.