एका मठाची चार शतके

इ. स. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन पंथाचे फादर अँब्रोज यांच्या निवासाला त्यांनी धक्का लावला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निये याने केली आहे. शस्त्राने अभय दिलेल्या वास्तूलाही काळ अभय देतोच असे नाही. काळापुढे वास्तू कशी टिकते, याचे उत्तर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या इतिहासात सापडते.

आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये ख्रिस्ती जोगिणींसाठी या मठाची पायाभरणी झाली आणि 1627 मध्ये बांधकाम पुरे झाले. 1636 च्या आगीत मठाची मोठी हानी झाली. परंतु पुढल्याच वर्षी तो पुन्हा उभारण्यात आला. मध्ये चौक, भोवती तीन मजली ओवऱ्या व खोल्या आणि बाहेरून भिंतींना भक्कम धिरे, अशी त्याची रचना आहे.

याच टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचाही भव्य मठ होता. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर 1835 मध्ये साधूंना तो सोडावा लागला. ओस पडलेल्या त्या चर्चची कमान 1842 मध्ये कोसळली आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तेथे भग्नावशेष आहेत. सांता मोनिकामध्ये मात्र नव्या जोगिणींना प्रवेश बंद झाला, तरी असलेल्यांना हयातभर राहू दिले गेले. शेवटची जोगीण 1885 मध्ये निवर्तली. म्हणजे आणखी पन्नास वर्षे तेथे दिवा लागत राहिला, केर निघत राहिला, गळके छप्पर कोणाच्या तरी नजरेस पडत राहिले.

पुढे तेथे पोर्तुगीज सैन्याचा तळ पडला. गोवामुक्तीनंतर 1964 पासून 'मातेर देई' ही जोगिणींना धर्मशिक्षण देणारी संस्था तेथे नांदू लागली. राशोल येथे 1994 मध्ये स्थापन झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही 2002 मध्ये मठाच्या चर्चमध्ये आले. जपमाळ, बंदूक, पाठ्यपुस्तक आणि प्रेक्षक अशी चार रूपे या वास्तूने पाहिली. त्यांतील प्रत्येक वापर तिला शोभलाच असे म्हणता येणार नाही. पण कोणी तरी तेथे वावरत राहिले, हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य.

दोन्ही मठांना माती एकच, पाऊसही एकच लाभला. एकाच्या दारात माणसे येत राहिली, दुसऱ्याच्या दारात ती येईनाशी झाली. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांना या भेदाचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता नाही.