चोवीस डिसेंबरचा उपास

नाताळाचा फराळ हल्ली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. पंचवीस तारीख उजाडेपर्यंत केक, चॉकलेटं, पार्ट्या यांनी जीभ कंटाळलेली असते. मग नव्या वर्षाच्या तोंडावर सगळे एकमेकांना ‘आता बेतानं खायचं’ असं सांगू लागतात. माझं लहानपण गोव्यातल्या बार्देशात, ख्रिस्ती शेजारात गेलं. तिथला जुना नाताळ पाहिलेल्या मला वाटतं, की हा बेत त्या सणातच होता. आधी उपास, मग मेजवानी, मग वाटप, आणि उरलेलं बारा दिवस पुरवून खायचं.

ही रीत फार जुनी आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप पर्पेच्युअस याने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास करण्याचा नियम घातला होता. पुढच्या शतकांत तो ठिकठिकाणी कमीजास्त होत गेला. १९१७ साली चर्चचे कायदे एकत्र करून नवी संहिता निघाली, तेव्हा नाताळापूर्वीच्या काळात मोजके दिवस उरले होते: डिसेंबरच्या मध्यातल्या एका आठवड्याचे बुधवार, शुक्रवार, शनिवार आणि नाताळाची पूर्वसंध्या. त्या दिवशी पोटभर जेवण एकदाच. सकाळी आणि रात्री थोडंसं काही चाले, पण मांस वर्ज्य. उपासाचा नियम वयाच्या एकविसाव्या वर्षापासून साठीच्या उंबरठ्यापर्यंत सगळ्यांना लागू होता.

पळवाटाही होत्या. पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहतींत ‘बुला दा क्रुझादा’ नावाचं एक फर्मान चाले. ठराविक दान देऊन ते घेतलं, की वर्ज्य पदार्थांच्या बाबतीत सवलत मिळे. तरीही चोवीस तारखेच्या रात्रीचं ताट त्या उपासानेच घडवलं. पोर्तुगालमध्ये त्या रात्री आजही खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबी असं साधं उकडलेलं जेवण अनेक घरांत असतं. मांस चालत नव्हतं, म्हणून तिथे मासा आला. त्या जेवणाला कोन्सोआदा म्हणतात. गोव्यात मात्र हे नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना धाडायच्या मिठाईच्या तबकाला चिकटलं, आणि ‘कुसवाद’ म्हणून घरोघरी रुळलं.

आमच्या शेजारच्या तियेचं, म्हणजे मावशीचं, स्वयंपाकघर मी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं, तेव्हा हा कायदा अजून चालू होता. आमचं घर हिंदू, पण डिसेंबरात मी अर्धा वेळ तिच्याच चुलीपाशी असायची. चोविसाच्या आधी दोन-तीन दिवस सोरपोतेल शिजलेलं असे. माडाच्या व्हिनेगारमध्ये डुकराचं मांस जसजसं मुरतं तसतशी त्याला चव येते, म्हणून ते आधीच करून ठेवत आणि रोज एकदा गरम करत. म्हणजे ऐन उपासाच्या दिवशी, मांस वर्ज्य असताना, त्या वासाने अख्खं घर भरलेलं असे. तिया झाकण काढी, डाव फिरवी, झाकण परत ठेवी. दुपारी ती भात, माशाची आमटी आणि लोणच्याची फोड एवढंच जेवे.

संध्याकाळी बेबिंक. नारळाचा दाट रस, अंड्यांचे बलक, साखर, थोडा मैदा आणि जायफळ. भांड्यात तूप सोडून एक पळी मिश्रण ओतायचं, वरच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवायचे आणि वरूनच आच द्यायची. पहिला थर तांबूस झाला, की त्यावर पुन्हा तूप आणि पुन्हा एक पळी. घाई केली तर खालचा थर कच्चा राहतो, निखारे जास्त झाले तर वरचा करपतो. थरामागून थर असे काही तास जात. ती एकदाही बोट लावून चाखत नसे. वासावरून आणि कडेच्या रंगावरून तिला कळे. मी हात पुढे केला, की एकच उत्तर: “फाल्यां, बाय, फाल्यां.” मुलांना उपासाचा नियम लागू नव्हता, तरी ‘उद्या’ सगळ्यांनाच होतं.

मध्यरात्रीची मिस्सा झाली, की सगळं सुटे. दुसऱ्या दिवशी क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं तबक आमच्या दारात येई: दोन नेवऱ्या, मूठभर कुलकुलं, दोदोलाचा एक काप, चणाडाळीचा दोस, पेरूचं पेराद, आणि बेबिंकाचा पातळसा तुकडा. तबक रिकामं परत करायचं नाही, म्हणून आई त्यात साखर किंवा घरचे लाडू घाले. चवथीला आमच्या नेवऱ्या तिच्याकडे जात. ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे गोडधोड करत नसत. त्यांच्या वाट्याचं शेजारी पोचवत.

या वाटपाचा हिशेब मला नंतर उमगला. तिया परातभर करायची, पण घरात राही थोडंच. आणि तिच्याकडेही दहा घरचं थोडं थोडं येई. त्यामुळे प्रत्येकाच्या पानात दहा चवी आणि प्रत्येक चवीचा एकच घास. त्यातलं टिकाऊ ते ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत पुरवायचं. रेइश मागुश, चांदर, कासावली इथे तो सण आजही थाटाने होतो. दोदोल, पेराद हे पदार्थ टिकावेत म्हणूनच तासन्‌तास आटवलेले असतात. रोज एक वडी हाताला लागे, तेवढ्यात मन भरे.

मग कायदा सैल झाला. १९५९ साली पूर्वसंध्येचा उपास तेविसालाही करण्याची मुभा मिळाली होती, तरी तियेने चोवीसच धरली. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम बदलले. सक्तीचे उपास दोनच उरले, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. नाताळाची पूर्वसंध्या मोकळी झाली. संयम संपावा असा पोपचा हेतू नव्हता. माणसाने तो आपल्या इच्छेने पाळावा, ही अपेक्षा होती. पण सगळ्यांची मिळून असलेली एक तारीख गेली, की एकट्याची इच्छा फार दिवस तग धरत नाही. त्यातच बेबिंक बारमाही डब्यांत मिळू लागलं, आणि ‘फाल्यां’ म्हणायची गरजच संपली.

सक्ती परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण खाण्याचा संयम प्रत्येक घासाला मनाशी भांडून टिकत नाही, हे मी त्या घरात पाहिलं आहे. त्याला ठरलेली तारीख लागते आणि ती पाळणारी चार माणसं लागतात. कोणत्याही धर्माच्या घराला हे जमण्यासारखं आहे: सणाआधी एक दिवस हलकं जेवायचं, सण आला की मनापासून जेवायचं, केलेल्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशीच बाहेर धाडायचं. सणाचा गोडवा त्यामुळे वाढतो, आणि त्यासाठी एकही पदार्थ सोडावा लागत नाही.