विश्लेषण : डिजिटल नकाशात गट फोडताना प्रोग्राम मध्येच बंद पडला तर? 'जिओटूल्स'मधील ट्रान्झॅक्शन कसे काम करते?

समजा, गट क्रमांक 112 चे क्षेत्र 2 हेक्टर आहे. दोन भावांत वाटणी झाली. थोरल्याच्या वाट्याला 1 हेक्टर 20 आर आले, धाकट्याच्या वाट्याला 80 आर. बोलताना आपण 'गट फोडला' असे म्हणतो, जणू ते एकच काम आहे. डिजिटल नकाशात मात्र ती तीन कामे असतात : जुना 112 काढणे, 112/1 टाकणे आणि 112/2 टाकणे. पहिले काम झाले आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, नेटवर्क तुटले किंवा डिस्क भरली, तर नकाशात शिवाराच्या मधोमध दोन हेक्टरचे भोक पडते. जमीन जागेवर असते, भाऊही असतात, फक्त नोंद गायब असते. उलट क्रमाने काम केले तर वेगळाच घोळ होतो. नवे दोन्ही हिस्से येतात, जुना गटही तसाच राहतो आणि दोन हेक्टरची जमीन नकाशात चार हेक्टर होते.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अडचण खरी आहे. रस्ते, जलवाहिन्या, प्रभागांच्या हद्दी असा कोणताही नकाशा संगणकावर बदलताना ती समोर येते. जावा भाषेत नकाशांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी 'जिओटूल्स' या लायब्ररीने त्यावर दिलेला उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन.

जिओटूल्स म्हणजे काय?

नकाशाची माहिती वाचणे, लिहिणे, तिचे रूपांतर करणे आणि ती पडद्यावर रेखाटणे यासाठी लागणारा तयार कोड म्हणजे जिओटूल्स. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात जेम्स मॅकगिल यांनी 1996 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तो मुक्तस्रोत आहे. सामान्य वापरकर्त्याला हे नाव सहसा दिसत नाही, कारण ते पडद्यामागे असते. इंटरनेटवर नकाशे पुरवणारा 'जिओसर्व्हर' याच लायब्ररीवर उभा आहे.

नकाशातील प्रत्येक वस्तूला येथे 'फीचर' म्हणतात. एक गट, एक विहीर, एक रस्ता ही सारी फीचर. प्रत्येकाला आकार असतो आणि सोबत माहितीचे रकाने असतात. माहिती फक्त वाचायची असेल तर 'फीचरसोर्स' पुरतो. बदलायची असेल तर 'फीचरस्टोअर' लागतो. हाती आलेला सोर्स स्टोअरही आहे का, हे प्रोग्रामरने आधी तपासायचे असते. फाइलवर लिहिण्याची परवानगी नसेल किंवा डेटाबेसच्या तक्त्याला प्राथमिक की नसेल, तर केवळ सोर्स मिळतो आणि संपादनाचा विषय तिथेच संपतो.

ट्रान्झॅक्शन नेमके काय करते?

एटीएममधून पैसे काढताना खात्यातून रक्कम वजा होणे आणि नोटा हाती येणे या दोन्ही गोष्टी झाल्या तर व्यवहार पूर्ण होतो. एकच झाली तर काय मनस्ताप होतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. 'सगळे किंवा काहीच नाही' ही हमी डेटाबेसच्या जगात जुनी आहे. अशा व्यवहारांच्या चार गुणांसाठी 'अ‍ॅसिड' हे संक्षिप्त नाव थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी 1983 मध्ये रूढ केले.

जिओटूल्समध्ये ही कल्पना एका छोट्या वस्तूत बसवली आहे. प्रोग्रामर नवे ट्रान्झॅक्शन तयार करतो आणि ते स्टोअरला जोडतो. मग काढणे, टाकणे, बदलणे ही कामे नेहमीसारखी करतो. सगळे बिनचूक झाले तर 'कमिट' केले जाते आणि बदल पक्के होतात. कुठेही चूक झाली तर 'रोलबॅक', म्हणजे सुरुवातीपासूनचे सारे बदल रद्द. शेवटी काहीही घडले तरी 'क्लोज'. गट 112 च्या बाबतीत तिन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातली, तर वीज कोणत्याही क्षणी गेली तरी डेटाबेसमध्ये एक तर जुना अख्खा गट सापडतो किंवा नवे दोन हिस्से. मधली अवस्था कोणालाच दिसत नाही.

कमिट होईपर्यंत हे बदल फक्त त्या ट्रान्झॅक्शनला जोडलेल्या स्टोअरलाच दिसतात. त्याच तक्त्यावर दुसरा स्टोअर उघडला आणि त्याला हे ट्रान्झॅक्शन जोडले नाही, तर त्याला अजून जुना 112 दिसतो. नवख्या प्रोग्रामरची येथे हमखास गफलत होते. लिहिणारा स्टोअर एक, वाचणारा दुसरा, आणि मग 'गट टाकला पण नकाशात येत नाही' म्हणून तासभर शोधाशोध!

ट्रान्झॅक्शन जोडलेच नाही तर?

तर स्टोअर 'ऑटो-कमिट' पद्धतीने चालतो. प्रत्येक काम झाले की लगेच पक्के. एकच विहीर टाकायची असेल तर हे ठीक आहे. पण गट फोडताना 'काढा' आणि 'टाका' हे दोन स्वतंत्र हुकूम ठरतात आणि सुरुवातीला सांगितलेले भोक नेमके येथेच पडते. शिवाय ही पद्धत संथही आहे. दहा हजार घरे एकेक करून टाकायची, तर पक्के करण्याचा सोपस्कार दहा हजार वेळा होतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये तो एकदाच होतो.

डेटाबेस आणि शेपफाइल यांत फरक काय?

जिओटूल्सची खुबी अशी, की माहिती 'पोस्टजीआयएस'सारख्या डेटाबेसमध्ये असो वा 'शेपफाइल'मध्ये, प्रोग्रामरचा कोड जवळपास तोच राहतो. आत मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या माहीत नसतील तर वरवरचा सारखेपणा फसवा ठरतो.

डेटाबेसच्या बाबतीत जिओटूल्स स्वतः फारसे काही करत नाही. एक जोडणी त्या ट्रान्झॅक्शनसाठी राखून ठेवते आणि कमिट-रोलबॅकचा निरोप डेटाबेसला पोहोचवते. खरी हमी डेटाबेसची असते.

शेपफाइलकडे अशी कोणतीही यंत्रणा नाही. ती नावाला एक फाइल, प्रत्यक्षात किमान तीन फाइलींचा संच : एकीत आकार, दुसरीत त्यांची अनुक्रमणिका, तिसरीत रकाने. ट्रान्झॅक्शन, रोलबॅक हे शब्द तिला माहीतच नाहीत. म्हणून जिओटूल्स बदलांची यादी संगणकाच्या स्मृतीत ठेवते : हे काढले, हे टाकले, हे बदलले. वाचणाऱ्याला मूळ फाइल आणि ही यादी जुळवून दाखवली जाते. रोलबॅक म्हणजे यादी फेकून देणे. त्यामुळे ते झटपट होते आणि फाइलला धक्काही लागत नाही. कमिट झाले की मात्र यादी खरोखर फाइलींत उतरवली जाते. ठिणगी पडायची तर येथे पडते. तिन्ही फाइली बदलल्या जात असताना वीज गेली, तर डेटाबेससारखी हमी शेपफाइलला देता येत नाही. यादी स्मृतीत असल्याने लाखो बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबले तर स्मृती अपुरी पडण्याचाही धोका असतो. शेपफाइलवर मोठे काम करण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे हा जुना शिरस्ता आजही मोडीत निघालेला नाही, तो याचमुळे.

आणखी एक बारकावा ओळख क्रमांकाचा. यादीत टाकलेल्या नव्या फीचरला कमिटपूर्वी मिळालेली ओळख तात्पुरती असते. ती दुसऱ्या तक्त्यात, उदाहरणार्थ मालकाच्या नावापुढे, लिहून ठेवली आणि कमिटनंतर ओळख बदलली, तर 80 आरचा मालक भलत्याच तुकड्याशी जोडला जाऊ शकतो. म्हणून कायम टिकणारा क्रमांक हवा असेल तर तो स्वतंत्र रकान्यात ठेवणेच बरे.

ट्रान्झॅक्शन बंद करायला विसरले तर?

ही चूक लगेच दिसत नाही, म्हणून जास्त छळते. डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्या जिओटूल्स एका साठ्यात ठेवते. मुद्दाम बदलले नाही तर त्यांची कमाल संख्या असते 10. उघडे राहिलेले प्रत्येक ट्रान्झॅक्शन एक जोडणी अडवून बसते. चाचणीच्या वेळी दोन-तीन संपादने होतात, सगळे सुरळीत चालते. प्रत्यक्ष वापरात दहा जोडण्या अडकल्या की अकरावा वापरकर्ता ताटकळतो. ठरलेली मुदत, जी सहसा 20 सेकंद असते, संपली की त्याला चूक दाखवली जाते. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की सारे ठीक होते. त्यामुळे दोष सर्व्हरवर ढकलला जातो आणि मूळ कारण तसेच राहते. जावाच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2011 पासून, उघडलेली गोष्ट आपोआप बंद करणारी रचना भाषेतच आहे आणि जिओटूल्सचे ट्रान्झॅक्शन तिच्यात बसते. ती न वापरण्याला आता फारसे कारण उरलेले नाही.

पोस्टजीआयएस ज्यावर चालते त्या 'पोस्टग्रेस'चा एक नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एका हुकमात चूक झाली की रोलबॅक होईपर्यंत पुढचे सारे हुकूम नाकारले जातात. चूक पकडून, तिच्याकडे काणाडोळा करून पुढच्या गटाकडे जाणारा कोड म्हणूनच पहिल्या चुकीनंतर प्रत्येक गटावर अडखळतो.

दोघांनी एकच गट संपादित केला तर?

डेटाबेसमध्ये एकाने गट बदलला आणि अजून कमिट केले नाही, तर तोच गट बदलू पाहणाऱ्या दुसऱ्याला थांबावे लागते. पहिला कर्मचारी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून जेवायला गेला तर दुसऱ्याचा पडदा तासभर गोठलेला राहू शकतो. उलट, दोघांनी सकाळी तोच गट वाचला आणि एकामागून एक कमिट केले, तर कोणालाच अडवले जात नाही. नंतरचा बदल आधीच्यावर मुकाट्याने चढतो. एकट्या ट्रान्झॅक्शनने हे टळत नाही. त्यासाठी जिओटूल्समध्ये फीचरला कुलूप लावण्याची वेगळी सोय आहे. कुलूप ठरावीक मुदतीचे असते आणि त्याची किल्ली ट्रान्झॅक्शनला द्यावी लागते. पण शेपफाइलसाठी हे कुलूप त्या एका चालू प्रोग्रामपुरतेच असते. कार्यालयातील सामाईक फोल्डरमधील शेपफाइल दोन संगणकांवरून उघडली, तर एकाचे कुलूप दुसऱ्याला दिसतच नाही.

अशीच एक मर्यादा दोन ठिकाणी एकदम लिहिताना येते. एकच ट्रान्झॅक्शन पोस्टजीआयएस आणि शेपफाइल अशा दोन्ही स्टोअरना जोडता येते. पण कमिट दोन्हींवर एकापाठोपाठ होते. पहिले पक्के झाले आणि दुसरे फसले, तर पहिले मागे घेता येत नाही.

हिस्से बरोबर आहेत की नाही, हे कोण पाहते?

ट्रान्झॅक्शन नाही. तिन्ही कामे पूर्ण झाली का, एवढेच त्याला कळते. 112/1 आणि 112/2 एकमेकांवर चढले आहेत का, त्यांच्यामध्ये हातभर फट राहिली आहे का, दोघांची बेरीज 2 हेक्टर भरते का, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ही तपासणी प्रोग्रामरने कमिटपूर्वी करायची असते. आकारांच्या गणितासाठी जिओटूल्स 'जेटीएस' ही दुसरी लायब्ररी वापरते. तिच्या मदतीने दोन हिस्से जोडून मूळ गटाशी ताडून पाहता येतात. मात्र संगणक दशांशातील आकडे पूर्णांशाने अचूक धरत नाही, त्यामुळे तंतोतंत जुळण्याचा आग्रह धरला तर योग्य वाटणीही नाकारली जाईल. किती फरक चालेल हे आधी ठरवावे लागते. त्याहून जास्त फरक आढळला तर रोलबॅक करायचे, आणि जुना 112 होता तसाच राहतो.