थेंबाची साक्ष : मोटारीच्या गळतीचा इतिहास

सोलापूर शहराची घडण यंत्रांच्या सहवासांत झाली. १८६० सालीं येथें आगगाडी पोंचली आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आंत कापडाच्या पहिल्या गिरणीचें धुराडें उभें राहिलें. वाफेच्या एंजिनांत सरकता दांडा नळकांड्याबाहेर जेथून येई, तेथें चरबींत भिजविलेला ताग किंवा सूत ठासून भरीत. हें पॅकिंग झिजलें कीं वाफ सूं सूं करीत बाहेर पडे. म्हणजे गळती स्वतःच आपला पत्ता सांगे.

मोटारीची गळती मात्र मुकी असते. याच सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईंत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ सालीं तिच्या कारखान्यांतून पहिलें वाहन बाहेर पडलें. मोटार तयार करणें हें एक शास्त्र. पण ती चालती ठेवणें हें दुसरें, आणि त्याचा पहिला धडा गाडीखालच्या डागांत असतो.

जुन्या गाड्यांत हा धडा सोपा होता. १९०८ ते १९२७ या काळांत फोर्ड कंपनीनें दीड कोटींवर 'मॉडेल टी' गाड्या बनविल्या. त्यांत एंजिन व गिअर यांना तेल एकच. तें मोजावयास कांडी नव्हती; खालच्या बाजूस दोन तोट्या होत्या. खालच्या तोटींतून तेल आलें व वरच्या तोटींतून आलें नाहीं, म्हणजे पातळी ठीक. तेव्हां ठिबकणारें तेल एंजिनाचें कीं गिअरचें, हा प्रश्नच उद्भवत नसे.

पुढें गिअरपेटी वेगळी झाली, तिचें तेल वेगळें झालें, आणि प्रश्न उभा राहिला. फिरत्या दांड्याभोंवतीं पूर्वीं कातडें किंवा दोर बसवीत; १९३० नंतरच्या दशकांत कृत्रिम रबराचीं सीलें निघालीं. जोंवर सर्वच गाड्या थोड्याफार गळत, तोंवर थेंबाला अर्थ नव्हता. सांधे घट्ट झाले आणि थेंब साक्षीदार बनला. अमेरिकेंत आपोआप गिअर बदलणाऱ्या पेट्या आल्या, तेव्हां त्यांच्या तेलास तांबडा रंग देण्याची रीत पडली, ती अशासाठीं कीं एंजिनाच्या तेलापासून तें सहज ओळखतां यावें.

आज या साक्षीची भाषा ठरलेली आहे. पिवळसर तपकिरी किंवा काळें तेल एंजिनाचें. तांबडें बहुधा स्वयंचलित गिअरपेटीचें. दाट व गंधकाच्या उग्र वासाचें साध्या गिअरपेटीचें. हिरवें अथवा गुलाबी, गोडसर वासाचें पाणी रेडिएटरचें. मात्र जेथें थेंब पडतो तेथेंच भोंक असतें असें नव्हे. तेल वरून खालीं ओघळतें आणि धांवत्या गाडींत वारा तें मागें नेतो. एंजिनाच्या माथ्यावरील झांकणाचें गॅस्केट गेलें, तरी तेल मागील भिंतीवरून उतरून एंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्यांतून टपकतें, आणि मागचें सील गेलें असा भास होतो. त्या भासापायीं सबंध गिअरपेटी उतरविली जाते. खर्च होतो आणि डाग मात्र तसाच राहतो.

यावरचा उपाय साधा आहे. एंजिन धुऊन कोरडें करावें, खालीं पांढरा कागद पसरावा, थोडा वेळ गाडी चालवावी, आणि मग सर्वांत वरचें व सर्वांत पुढचें ओलें ठिकाण शोधावें. एंजिनांतील वायु बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला आहे काय, हेंही पाहावें. कारण आंत कोंडलेला दाब चांगल्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसांवर चढतो. तेलाची पातळी उतरलेलें एंजिन अशा वेळीं हैदराबादच्या रस्त्यावर फार काळ तग धरीत नाहीं; बेअरिंगें घासतात आणि क्षुल्लक वॉशराची हयगय सबंध एंजिनाच्या किंमतीला जाते. थेंब लहान असतो, पण वेळेवर बोलतो. ऐकणारा मात्र हवा.