दृढीकरणाची भेट

बहुतेक ख्रिस्ती घरांत मूल अजाण असतांनाच त्याचा बाप्तिस्मा होतो, आणि श्रद्धेविषयींचीं उत्तरें त्याच्या वतीनें धर्ममातापिते देतात. पुढें जाणतें झाल्यावर तें मूल तीं उत्तरें स्वमुखें देतें, हाच दृढीकरणाचा संस्कार. या प्रसंगीं मुलास काय द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा वाटतो. परंतु नॉर्वेचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचें मूळ किती खोल आहे हें ध्यानांत येतें.

नॉर्वे त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होता. राजा सहावा ख्रिश्चन यानें १७३६ सालीं हा संस्कार सक्तीचा केला. तो झाल्यावांचून लग्न लागत नसे, आणि धर्मप्रश्नोत्तरें आल्यावांचून तो होत नसे. एरिक पोंटोप्पिदान यांच्या १७३७ सालच्या पुस्तकांत असे प्रश्न थोडेथोडके नव्हेत, ७५९ होते! त्यासाठीं वाचतां येणें अवश्य झालें, आणि १७३९ सालीं खेड्यांतील शाळांचा कायदा आला. शेतकऱ्याचें पोर अक्षर शिकलें तें या परीक्षेच्या धाकानें. पण ज्यास पाठ होत नसे, तो वयानें वाढला तरी समाजाच्या लेखीं पोरच राही.

या कसोटीस उतरलेल्या मुलाच्या हातीं वडील मंडळी स्तोत्रांचें पुस्तक देत; कित्येकदां त्याच्या बांधणीवर मुलाचें नांव सोनेरी अक्षरांत उमटविलेलें असे. आजवर दुसऱ्यानें पढविलें, आतां आपलें आपण वाचावें, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों. पुढें घड्याळ देण्याचा प्रघात पडला. संस्कार झाला कीं पुष्कळ मुलें चाकरीस निघत. ज्यास हांक मारून उठविणारी आई जवळ नाहीं, त्याच्या खिशांत घड्याळ हवेंच.

१९१२ सालीं नॉर्वेंत ही सक्ती उठली, आणि १९५१ पासून चर्चशीं संबंध न ठेवतांही असा सोहळा होऊं लागला. धाक गेला हें इष्टच झालें. भेटी मात्र राहिल्या, किंबहुना वाढल्या. आज रोख रकमा येतात. शिवाय पारंपरिक पोशाख आणि त्यावरील चांदीचे दागिने यांचा खर्च लहानसहान नसतो. पैसा उपयोगी खरा. पण तो सरतो, आणि देणाऱ्याची आठवणही त्याबरोबर सरते. आमच्या मतें मोलाची भेट तीच, जी मुलावर कांहीं सोंपविते. पुस्तक वाचावें लागतें, घड्याळास किल्ली द्यावी लागते. ज्या दिवशीं मूल आपलें उत्तर आपण देतें, त्या दिवशीं त्यास द्यावयाची वस्तु अशी असावी, कीं तिची निगा त्यानेंच राखावी.