पडद्यावरचा भाव आणि अपूर्ण राहिलेली लिमिट ऑर्डर

शेअर बाजारात ठरावीक भावाची अट घालून नोंदविलेल्या खरेदी वा विक्रीच्या मागणीस लिमिट ऑर्डर म्हणतात. तीत खरेदीदारास ठरविलेल्या भावापेक्षा अधिक द्यावे लागत नाही आणि विक्रेत्यास कमी घ्यावे लागत नाही. मात्र ही अट भावाचे संरक्षण करते; सौदा होईलच, अशी हमी देत नाही. ‘दिवसाचा नीचांक ५०० रुपये दिसतो, मग ५०० रुपयांची खरेदी का झाली नाही?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुधा याच फरकात असते.

आधी भाव, मग वेळ

सौदे जुळविताना चांगल्या भावाला पहिले प्राधान्य मिळते. भाव समान असल्यास आधी आलेली ऑर्डर पुढे राहते. ५०० रुपयांना १,००० समभागांची मागणी आधीच रांगेत असेल आणि त्या भावाला ६०० समभागच विक्रीस आले, तर मागाहून आलेल्याच्या वाट्याला काहीच येत नाही. नीचांक मात्र ५०० असाच नोंदला जातो. ऑर्डरचा भाव बदलल्यास किंवा संख्या वाढविल्यास रांगेतील जुना क्रमही जातो. शिवाय एनएसई आणि बीएसई यांच्या ऑर्डरनोंदी स्वतंत्र असल्याने एका बाजारातील नीचांक दुसऱ्या बाजारातील ऑर्डरला उपयोगी पडत नाही.

बंद भावाचा घोळ

भारतात बंद भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे. अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी काढून तो ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. त्यामुळे वृत्तपत्रात छापलेल्या नेमक्या भावाला एकही सौदा झालेला नसणे शक्य असते. जुन्या आलेखांतील भावही बोनस वा समभाग-विभाजनानंतर सुधारून दाखविले जातात.

भावच चुकतो तेव्हा

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईवर निर्देशांकांचे आकडे सकाळीच अद्ययावत होईनासे झाले आणि ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबविण्यात आले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले.

३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात बर्कशायर हॅथवेच्या ‘अ’ वर्गातील समभागाचा भाव तांत्रिक बिघाडामुळे १८५.१० डॉलर दिसला. आदल्या सत्रात तो ६,२७,४०० डॉलरवर बंद झाला होता. चुकीच्या भावाचे सौदे नंतर रद्द झाले. परंतु व्यवहार थांबले असताना स्वस्ताईच्या आशेने भावाची अट न घालता ऑर्डर देणाऱ्यांपैकी काहींची खरेदी, बाजार पुन्हा सुरू होताच, सात लाख डॉलरहून अधिक भावाने झाली. लिमिट ऑर्डर दिली असती, तर ती अपूर्ण राहिली असती. नुकसान मात्र टळले असते.

तक्रारीपूर्वी

ऑर्डर क्रमांक, नोंदीची वेळ, बाजाराचे नाव आणि ऑर्डर त्याच दिवसापुरती होती का, हे प्रथम तपासावे. त्यानंतर ब्रोकरकडे लेखी विचारणा करावी. समाधान न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन व्यवस्थेत तक्रार नोंदविता येते. पडद्यावरील भावाचे छायाचित्र एवढाच पुरावा सहसा पुरेसा ठरत नाही. त्या क्षणी रांगेत आपल्यापुढे कोण होते, हे बाजाराच्या नोंदीच सांगू शकतात.