मासे वाहतुकीसाठी घरगुती लाकडी बर्फपेटी

शेततळ्यातील रोहू, कटला पहाटे काढले, तरी तालुक्याच्या बाजारात पोचेपर्यंत ऊन चढते. गिल फिकट पडले, अंग मऊ झाले की व्यापारी लगेच भाव पाडतो. विकतच्या पॅकिंगच्या थर्माकोल पेट्या दोन-चार फेऱ्यांत फुटतात. ज्यांच्याकडे नियमित काढणी आहे त्यांनी प्लायवूडची पक्की पेटी करून घ्यावी. गावातला सुतार ती सहज करू शकतो.

बर्फ कुठे जातो?

पेटी करण्यापूर्वी हा हिशेब समजून घ्या. 30 अंश सेल्सिअस तापमानाचे साधारण 3 किलो मासे शून्य अंशापर्यंत थंड करण्यास 1 किलो बर्फ पुरतो. म्हणजे 40 किलो माशांना सुमारे 13 किलो. मग माशाइतकाच बर्फ घ्या असे का सांगतात? कारण उरलेला बर्फ पेटीच्या भिंतींतून, झाकणाच्या फटीतून आत येणारी उष्णता खाते. खाली दिलेल्या मापाची, 5 सेंमी थर्माकोल भरलेली पेटी सावलीत ठेवली तर 24 तासांत अंदाजे 10 ते 13 किलो बर्फ वितळतो. थर्माकोल निम्मा केला की हा आकडा जवळपास दुप्पट होतो. थर्माकोलमध्ये वाचवलेले पैसे पुढे दर फेरीला बर्फाच्या लादीत जातात.

माप आणि बांधणी

40 किलो मासे व 40 किलो बर्फ यासाठी आतील माप 75 × 40 × 40 सेंमी (120 लिटर) पुरते. बाहेरील माप सुमारे 88 × 53 × 53 सेंमी होते. 8 × 4 फुटांच्या एकाच 12 मिमी वॉटरप्रूफ प्लायवूडमधून तळ, झाकण आणि चारही बाजू निघतात: लांबीच्या दिशेने दोन ओळी आखून प्रत्येक ओळीत 88 सेंमीचे दोन व 53 सेंमीचा एक तुकडा कापावा.

थर्माकोल कडक, जास्त घनतेचा घ्यावा. बोटाने सहज दबणारा नको. 5 सेंमीच्या एका शीटऐवजी 2.5 सेंमीचे दोन थर द्या आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. चिकटवण्यासाठी लाकडाचा पांढरा, पाण्यात मिसळणारा डिंकच वापरावा. थिनर असलेला गोंद किंवा फायबरचे रेझिन थेट लागले तर थर्माकोल विरघळतो. हे पेटी बिघडल्यावरच अनेकांच्या लक्षात येते.

कोकणात आणि भातपट्ट्यात भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा फुकट मिळतो, तोही चालतो.  पण थर 10 सेंमी तरी हवा आणि तो कोरडा राहिला पाहिजे. ओला भुसा उष्णता अडवत नाही, उलट लाकूड कुजवतो.

आतून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे अस्तर द्यावे, कोपरे सिलिकॉनने बंद करावेत. तळाला एका कोपऱ्याकडे थोडा उतार देऊन अर्धा इंची पीव्हीसी पाइप काढा. पाइपाला बाहेर ‘यू’ आकाराचे वळण ठेवले की त्यात पाणी साचून राहते आणि गरम हवा आत शिरत नाही. वितळलेले पाणी निघून गेलेच पाहिजे, कारण त्यात रक्त व चिकटा असतो आणि त्यात बुडालेला तळचा मासा लवकर खराब होतो.

झाकणाच्या आतला थर्माकोल पेटीत 5 सेंमी खाली बसेल असा करावा, कडेला रबरी पट्टी आणि दोन कड्या लावाव्यात. बाहेरून पांढरा ऑइलपेंट द्यावा. भरलेली पेटी 100 किलोच्या पुढे जाते. ती आधी गाडीत चढवा, मग भरा.

भरताना

आदल्या संध्याकाळी पेटीत थोडा बर्फ टाकून झाकण लावावे. पिण्यायोग्य पाण्याचाच बर्फ घ्यावा आणि लादी आवळ्याएवढी फोडावी. मोठे तुकडे टिकतात खरे, पण माशाला नीट टेकत नाहीत. तळाला 5 सेंमी बर्फ, त्यावर माशांचा थर, पुन्हा बर्फ आणि सर्वांत वर बर्फाचा जाड थर. रिकाम्या परतीच्या फेरीत याच पेटीत टोमॅटो, वांगी, काकडी बर्फावर ठेवण्याचा मोह टाळा. वासाचे सोडाच, त्यांना इतकी थंडी सोसत नाही.

बाजारातून आल्यावर पेटी ब्रशने धुवावी. 10 लिटर पाण्यात सुमारे 3 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (30 टक्के क्लोरीन) विरघळवून फिरवावे, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन झाकण उघडे ठेवून वाळवावी.

पेटी तयार झाल्यावर पहिल्या फेरीआधी तपासणी करा. 20 किलो बर्फ भरून 24 तास सावलीत ठेवा आणि पाइपातून निघालेले पाणी मोजा. जितके लिटर पाणी, जवळपास तितके किलो बर्फ वितळले. 15 लिटरपेक्षा जास्त निघाले तर आधी झाकणाची पट्टी पाहा, मग थर्माकोलचे सांधे.